एका जेवणापुरतं शहर

लग्न ठरलं तेव्हा आमच्या ह्यांनी मला एकच शब्द दिला होता. "नोकरी संपली की एकदा तुला परदेशात नेईन. आपल्याला एकदाच परवडेल, म्हणून शहर तू निवडायचं. तिथे दोघं एका टेबलाशी समोरासमोर बसू, पोटभर जेवू आणि घरी येऊ." माझ्या मैत्रिणींना त्यांच्या नवऱ्यांनी काश्मीर, ताजमहाल असं काय काय कबूल केलं होतं. त्यांतल्या एकीलाही काही मिळालं नाही, ती गोष्ट वेगळी. मला मात्र सगळं जग पुढ्यात ठेवून त्यातलं एक गाव उचल असं सांगितलं होतं, आणि मी ते फारच मनावर घेतलं.

हे मालवाहू जहाजावर मुख्य स्वयंपाकी होते. आमच्या खानदेशातला माणूस समुद्रावर जातो कशाला, असं लोक विचारायचे. त्याचं उत्तर भुसावळला होतं. तिथल्या स्टेशनच्या उपाहारगृहात हे सोळाव्या वर्षी कांदे चिरायला लागले. तिथला गोव्याचा मोठा खानसामा पुढे जहाजावर गेला आणि दोन वर्षांनी ह्यांना घेऊन गेला. आम्ही बौद्ध. ह्यांच्या पारोळ्याकडच्या गावात तेव्हा ह्यांच्या हातचं पाणीसुद्धा न पिणारी घरं होती. जहाजावर सहा प्रांतांची सत्तावीस माणसं होती आणि सकाळच्या चहापासून रात्रीच्या भातापर्यंत सगळी ह्यांच्याच हातचं खायची. हे त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण पहिल्या सुट्टीत मला सत्तावीसच्या सत्तावीस माणसांच्या आवडीनिवडी तोंडपाठ म्हणून दाखवल्या होत्या.

मी जळगावात नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते. घरी मी आणि अक्का. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मग धुळ्याकडचं सासर सोडून त्या आमच्याकडेच राहायला आल्या. हे वर्षातले नऊ-दहा महिने पाण्यावर असायचे. पत्रं यायची, निळ्या पातळ कागदाची, तीन-तीन महिन्यांनी. एका पत्रात एक शहर आणि एक जेवण. तब्येत, हवा, पगार हे सगळं शेवटच्या दोन ओळींत उरकलेलं असायचं.

पहिलं पत्र सिंगापूरचं. त्र्याऐंशी सालचा उन्हाळा असावा. अक्का सकाळीच गच्चीवर बसून ओल्या फडक्यावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे जाड पापड, थापत होत्या. मी सावलीत बसून मोठ्याने वाचत होते. एका मोठ्या छपराखाली शंभरेक चुली, चिनी, मलायी, तमिळ, सगळ्या शेजारी शेजारी. ज्या पाण्यात कोंबडी उकडायची त्याच पाण्यात भात शिजवायचा. त्याआधी तांदूळ कोंबडीच्या चरबीवर आलं-लसूण घालून इतकेच परतायचे, की दाणा पारदर्शक व्हावा पण लाल होऊ नये. वर मिरचीची ओली चटणी. ताट या चुलीवरून घ्यायचं, सरबत त्या गाड्यावरून, आणि मिळेल त्या बाकावर बसायचं.

अक्कांचा हात थांबला. "बठ्ठास्ना चुला एकच जागे? आनि कोनी कोनले इचारस नही, तू कोन शे म्हनीसन?"

सगळ्यांच्या चुली खरंच एकाच जागी होत्या का, ते मी पत्रात पुन्हा पाहिलं. "नाही विचारत. तसं लिहिलंय."

"माय वं!" अक्का म्हणाल्या आणि बराच वेळ त्यांनी दुसरा बिबडा थापला नाही.

त्याच दिवशी मी शंभर पानी वही काढली. मास्तरीणबाईच ती, गुण दिल्याशिवाय मला चैन पडत नसे. प्रत्येक शहराला एक पान. चव कशी, बसायची सोय कशी, परक्या माणसाला नीट विचारतात की घाई करतात, एकट्या बाईला संकोच वाटेल का, सकाळी लवकर काही गरम मिळतं का. एकच जेवण जेवायचं म्हणजे चुकून चालणार नव्हतं.

पुढची अकरा वर्षं मी घरबसल्या जग जेवले. योकोहामाच्या पत्रात रश्शातल्या लांब शेवया होत्या. हाडं रात्रभर उकळून रस्सा दुधासारखा पांढरा करतात आणि तो फुर्र-फुर्र आवाज करत ओरपायचा. जितका आवाज मोठा तितका स्वयंपाक्याचा मान मोठा. अक्का आयुष्यभर आमटी ओरपल्याबद्दल बोलणी खात आलेल्या. त्यांनी योकोहामाला दहापैकी दहा द्यायला लावले. न्यूयॉर्कला मात्र त्यांनी पहिल्याच फटक्यात नापास केलं, कारण तिथे माणसं रस्त्याने चालता चालता खातात. "गुरं चालता चालता खातस. मानूस बसस," हा त्यांचा निकाल. रॉटरडॅमचं पत्र वाचताना तर त्या उठून खालीच निघून गेल्या. तिथे खारवलेला कच्चा मासा शेपटीला धरून, मान मागे टाकून सरळ तोंडात सोडतात. मला स्वतःला तो मासा फार आवडला. म्हणजे वाचताना आवडला.

ब्यूनस आयर्सचं पत्र मी तीनदा वाचलं. गाईच्या फासळ्या विस्तवाच्या बाजूला उभ्या टेकवून चार-चार तास भाजायच्या, ज्वाळ लागू द्यायची नाही, मीठ सोडून काही लावायचं नाही, आणि भाजणाऱ्याला कुणी घाई करायची नाही. डिसेंबरात आमच्याकडे केळीच्या मळ्यांतून भरताच्या पंगती होतात. तिथेही कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणारा माणूस असाच कुणाचं ऐकत नाही. पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला विस्तवापाशी बसलेला तो माणूस मला एकदम ओळखीचा वाटला. वर्गात नकाशावर त्या शहराला छडी लावताना माझ्या अंगावर काटा यायचा.

अक्कांनी हट्टच धरला म्हणून वहीत धुळंही घातलं. हायवेवरच्या ढाब्यांवरच्या शेवभाजीचा तर्रीदार रस्सा, त्यात शेव कधी सोडायची याचं तंत्र, आणि ट्रकवाल्यांना कुठल्याही वेळेला गरम मिळणारी भाकरी. हायवेवरचा प्रवासी असेल तर धुळं कुठल्याही शहराच्या तोडीचं आहे, असं आमच्या कमिटीने एकमताने ठरवलं. सात गुण दिले. तीन कापले ते माश्यांबद्दल.

आणि मी नुसतं वाचून थांबत नसे. सिंगापूरचा भात मी करून पाहिला, एकदा नाही, सहा-सात वेळा. हे सुट्टीवर आले तेव्हा वाढला. त्यांनी डोळे मिटून पहिला घास खाल्ला, हळूहळू चावला आणि म्हणाले, "हं. असाच असणार तो." मी खुशीत येऊन आणखी वाढला.

वहीत सगळ्यांत वर मात्र मार्सेय राहिलं. फ्रान्सचं बंदर. कोळ्यांच्या जाळ्यात येणारे, कुणी विकत न घेणारे काटेरी लहान मासे उकळून, कुटून, गाळून त्याचं सार करतात, त्यात केशर. आधी नुसतं सार येतं. सोबत कडक भाजलेला पाव आणि लसणाची सोललेली पाकळी. ती पाकळी आपण आपल्या हाताने पावावर घासायची. सार संपलं की मग वेगळ्या ताटात मोठे मासे. गरिबाच्या टोपलीत उरलेल्या माशांतून असलं काही उभं करणाऱ्या शहरापुढे मी मनातल्या मनात हात जोडले होते.

हे जहाजावरून कायमचे उतरले ते पंच्याण्णवच्या सुमारास. गुडघे गेले होते. पहिले काही दिवस माणसं भेटायला येत राहिली. मग एका रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर मी वही घेऊन ह्यांच्यासमोर बसले. अक्का सुपारी कातरत होत्या. मी आधी रीतसर सगळ्या शहरांचे गुण वाचले, बाद झालेल्यांची कारणं सांगितली आणि मग जाहीर केलं, "मार्सेय."

ह्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं.

"बरं," ते म्हणाले. "चांगलं आहे."

अक्कांच्या डोक्यात भावाच्या गुडघ्यांची काळजी. त्यांनी विचारलं, "भाऊ, बंदरपाईन तठलोंग कसं जावानं? रिक्षा भेटस का पायी?"

"जवळच शे," हे म्हणाले.

"चढ शे का? तुना गुडघा दुखस."

ह्यांनी नुसताच गुडघा चोळला. अक्का साध्या बाई, त्यांनी आपलं पुन्हा विचारलं, "बंदरना कोनता बाजूले शे ते हॉटेल?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मी भूगोल शिकवणारी बाई. आणि मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं, की अकरा वर्षांच्या पत्रांत एकही रस्ता नाही. पीठ आहे, आच आहे, मीठ कधी घालायचं ते आहे. दार कुठल्या दिशेला आहे, खुर्ची लाकडी की लोखंडी, वाढणारा माणूस उंच होता की बुटका, काहीसुद्धा नाही.

"तुम्ही तिथे जेवलात ना?" मी विचारलं.

"जहाज गेलं होतं," ते म्हणाले. "मी नाही गेलो."

"मार्सेयला?"

"कुठेच."

मी तापट आहे, हे माझ्या शाळेच्या भिंतींनाही माहीत आहे. पण त्या दिवशी मी ओरडले नाही. वही उचलली, पत्र्याच्या पेटीत टाकली, पेटीला कुलूप लावलं आणि दोन दिवस ह्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही. मला लाज वाटत होती. शेकडो पोरांना मी त्या जेवणांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, गल्लीतल्या बायकांना भात करून खायला घातला होता. माझा नवरा खोटं बोलला याच्यापेक्षा मी इतकी वर्षं खुळ्यासारखी गुण देत बसले याचाच जास्त राग आला होता. अक्का बिचाऱ्या, आपण नको ते विचारलं म्हणून दोन्ही दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी मेथी निवडत बसले होते. हे येऊन समोर बसले, एक जुडी ओढून घेतली आणि पानं खुडता खुडता बोलायला लागले.

जहाज बंदराला लागलं की बाकीच्यांना पाळीपाळीने सुट्टी मिळते. स्वयंपाक्याचं काम मात्र त्याच दिवशी दुप्पट होतं. एजंट येतात, कस्टमवाले येतात, दुरुस्तीची माणसं येतात, सगळ्यांची ताटं करायची. भाजी, मटण, पीठ त्याच दिवशी भरून घ्यायचं, तपासून घ्यायचं, नाहीतर पुढचे वीस दिवस सडकं खावं लागतं. हाताखाली एकच माणूस. मोकळीक मिळालीच तर तासाभराची. तेवढ्यात बंदराच्या फाटकापर्यंत जायचं, पत्र टाकायचं आणि परत. आयुष्यात चाळीसेक बंदरं पाहिली ती स्वयंपाकघराच्या गोल खिडकीतून.

"मग ते सगळं लिहिलं कुठून?"

"पोरं सांगायची."

शहरातून जेवून परत आलेला प्रत्येक खलाशी आधी ह्यांच्या दारात यायचा. तशी पद्धतच पडून गेली होती. बाहेर काय खाल्लं ते स्वयंपाक्याला सांगायचं. पण खलाशी काय सांगणार? मस्त होतं, झकास होतं, तिखट होतं. एवढ्यावर हे सोडत नसत. पाव मोडताना आवाज आला का? रस्सा बोटांना चिकटत होता की ओघळत होता? लसणाचा वास आधी आला की गिळल्यावर? कांदा दाताखाली लागला का? सार गार झाल्यावर त्याच्यावर साय धरली का? खलाशी वैतागून जायचे. एकाने न सांगितलेलं दुसऱ्याकडून काढायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याकडून ताडून घ्यायचं. जहाज पुन्हा समुद्रावर गेलं की चार-पाच दिवसांनी हे तो पदार्थ करायचे. शहरात जेवून आलेल्यांना आधी वाढायचे आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. चुकलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा. जेव्हा खाणारा ताटावरून मान वर करून "हेच ते!" म्हणायचा, त्याच दिवशी हे मला पत्र लिहायचे. त्याआधी नाही.

मार्सेयचं सार पाचव्या खेपेला जमलं होतं. योकोहामाचा रस्सा नवव्या.

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. हा माणूस जगाच्या एकाही टेबलाशी बसला नव्हता. तरी एवढ्या शहरांची चव त्याने दुसऱ्यांच्या तोंडून एकेक कण वेचून आणली होती, स्वतःच्या भांड्यात ती पुन्हा उभी केली होती आणि खात्री पटल्यावरच जळगावच्या एका गच्चीवर पाठवली होती. त्यातल्या सिंगापूरचा भात मी केला होता. तो भात ह्यांनी डोळे मिटून खाल्ला होता. मला त्या माणसाकडे बघवेना, इतकं मन भरून आलं. राग कुठल्या कुठे गेला, आणि गेला हे दाखवायचं नव्हतं म्हणून मी उगाच दरडावून विचारलं, "म्हणजे सगळ्या जन्मात बाहेरचं एकदासुद्धा खाल्लं नाही?"

ह्यांनी विचार केला. "एकदा. इस्तंबूलला."

इस्तंबूलचं पत्र कधी आलंच नव्हतं. माझ्या वहीत ते शहर नव्हतं.

थंडीचे दिवस होते. तिथे धक्क्याला लागून होड्या असतात, होडीतच विस्तव. पाण्यावर होडी हेलकावे खात असते आणि तिच्यात उभा राहून माणूस मासे भाजतो. अर्ध्या पावात मासा, कांदा, वरून लिंबू, आणि धक्क्यावर उभ्या माणसाच्या हातात देतो. एका खलाशाला वाटलं, हा माणूस इतके प्रश्न विचारतो, याच्यासाठी घेऊनच जावं. त्याने एक पाव कागदात गुंडाळला, कोटाच्या आत धरला आणि आणला. हे तेव्हा वीस माणसांची जेवणं करत होते. सगळ्यांची आवरल्यावर, भांडी घासून झाल्यावर उघडला.

"मग?"

"थंडगार झाला होता. पाव ओला होऊन कागदाला चिकटलेला. उभ्या उभ्या खाल्ला."

"त्याचं पत्र का नाही लिहिलं?"

ह्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं, जणू मी काहीतरी अगदी वेड्यासारखं विचारलं होतं. "अगं, थंड झाला होता. कसा लागतो ते मला कळलंच नाही. न कळलेलं तुला कसं लिहिणार?"

मी उठले, पेटीचं कुलूप काढलं आणि वहीच्या कोऱ्या पानावर इस्तंबूल लिहिलं. गुणांचे रकाने आखले नाहीत. अक्का दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना मी म्हटलं, "शहर ठरलं." ह्यांनी मान हलवली. मार्सेयच चांगलं, ते म्हणायला लागले, तिथे बसायला टेबल असेल, इस्तंबूलला धक्क्यावर उभं राहावं लागेल, तुझं टेबल राहून जाईल. मी त्यांना गप्प बसवलं. ते मला छान जमतं.

पासपोर्ट आणि बाकीच्या खटपटीत वर्ष गेलं. तिकिटांची कामं करणाऱ्या एजंटाचं ऑफिस जळगावात बाजारपेठेत, एका कापड दुकानाच्या वर होतं. आमच्या दोघांचे इस्तंबूलसाठीचे व्हिसाचे फॉर्म त्याने टेबलावर ठेवले. ह्यांची जुनी कागदपत्रं चाळली आणि कौतुकाने म्हणाला, "काका, तुम्ही तर जग पालथं घातलंय. तुम्हाला काय सांगायचं! इथे फक्त खुणा करा. या देशात आधी जाऊन आलात का, असं विचारलंय. तुमचं 'होय' होणार, काकूंचं 'नाही'."

ह्यांनी पेन घेतलं. माझ्या समोर, अक्कांच्या समोर, गावातल्या लोकांच्या समोर अकरा वर्षं ते "होय" म्हणत आले होते, आणि इथे तर ते खोटंही ठरलं नसतं. जहाज खरंच जाऊन आलं होतं. पेन त्या दोन चौकोनांवर थोडा वेळ थांबलं.

मग त्यांनी "नाही"वर खूण केली. एजंट काहीतरी बोलणार होता, पण त्याआधी ह्यांनी माझा फॉर्म पुढे ओढला आणि त्याच चौकोनात तशीच खूण केली.